रिफिलीपासून स्पिंडलपर्यंत: जुन्या रेकॉर्ड चेंजरचे सुटे भाग ठाण्यात बसून कसे मिळवायचे

मामांच्या नौपाड्यातल्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि माळ्यावरचा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेली लाकडी पेटी, खाली आला. झाकण उघडलं तर आत गॅरार्ड कंपनीचा एटी६ चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारं यंत्र. थाळी हाताने फिरत होती, सुई धरणारा आर्म शाबूत होता. पण मधला उंच स्पिंडल, ज्यावर रेकॉर्डची चळत बसते आणि एकेक तबकडी आपणहून खाली पडते, तो गायब होता. त्याच्या जागी कुणीतरी बॉलपेनची रिफिल खोचून ठेवली होती.

ती रिफिल काढून खरा स्पिंडल बसवायला मला दीड वर्ष लागलं. त्यातलं निम्मं चुकीच्या वस्तूंमागे धावण्यात गेलं. तुमच्याकडे गॅरार्ड असो, बीएसआर असो, कोलारो असो की डुअल, तेवढा वेळ तुमचा वाचावा म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम: खरंच काय नाहीये?

चेंजर आपोआप चालत नाही म्हटलं की माणूस लगेच 'पार्ट मिळत नाही' म्हणून मोकळा होतो. माझा अनुभव असा की पाच तक्रारींपैकी तीन-चार वेळा पार्ट जागेवरच असतो, फक्त वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटून बसलेला असतो. पन्नास-साठ वर्षांत ग्रीसचा डिंक होतो, आणि ठाण्याच्या चार पावसाळ्यांत त्यावर धूळ बसली की लाख होते.

हे कळायला यंत्र कसं चालतं ते थोडं माहीत हवं. थाळीच्या खाली, मध्याजवळ, एक छोटं दातेरी चाक असतं. शेजारी मोठं कॅमचं चाक, जे आर्मच्या आणि रेकॉर्ड पाडायच्या हालचाली घडवतं. कॅमच्या चाकाला एका जागी दाते नसतात, त्यामुळे गाणं चालू असताना ते स्वस्थ बसून राहतं. आर्मला जोडलेली एक हलकी पट्टी हळूहळू थाळीच्या दिशेने सरकत असते आणि थाळीवरचा उंचवटा दर फेऱ्याला तिला किंचित मागे ढकलतो. गाणं संपून सुई शेवटच्या रुंद खोबणीत शिरली की आर्म झपकन आत जातो, पट्टी एका फेऱ्यात जास्त पुढे येते आणि उंचवटा तिला मागे ढकलण्याऐवजी पकडतो. तिथे कॅमच्या चाकाला धक्का बसतो, दाते दात्यांत अडकतात आणि पुढचा सगळा खेळ सुरू होतो: आर्म उचलणं, बाजूला नेणं, रेकॉर्ड पाडणं, आर्म परत आणणं.

ही पट्टी निव्वळ घर्षणावर चालते. तिथे ग्रीस वाळलं तर ती हलत नाही आणि सुई शेवटच्या खोबणीत रात्रभर फिरत राहते. तिथे तेल घातलं तरी बिघडतं, कारण मग ती धरतच नाही. म्हणून गंज काढायचा स्प्रे घेऊन सगळीकडे मारत सुटू नका. हा मोह मलाही झाला होता आणि त्याची किंमत म्हणून दोन रविवार साफसफाईत गेले.

तपासणी अशी करा. प्लग काढा. थाळी काढताना मधे बारीक सर्क्लिप (दांड्याच्या खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असेल तर यंत्रावर टॉवेल टाकून मगच स्क्रूड्रायव्हर लावा. ती उडाली की कपाटाखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईलाच सापडते. हलणाऱ्या प्रत्येक सांध्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल बुडवलेला ब्रश फिरवा. फारच घट्ट असेल तर हेअर ड्रायरने आधी कोमट करा. मोटारीच्या बुशांना (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांना) शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-दोन थेंब, कॅमच्या खोबणीत लिथियम ग्रीसचा पातळ हात, आणि त्या घर्षणाच्या पट्टीला काहीही नाही. मग थाळी परत ठेवा, लीव्हर 'ऑटो' किंवा 'रिजेक्ट'वर न्या आणि थाळी हाताने घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा. कॅम एक पूर्ण फेरा मारून परत थांबला पाहिजे. जिथे अडतो तिथे वाकून, टॉर्च लावून बघा. आता जे तुटलेलं, झिजलेलं किंवा नसलेलं दिसेल, तेच शोधायचं आहे.

दुसरं काम: त्याचं नाव आणि नंबर

रेडिओग्रामच्या पेटीवर मर्फी, बुश, फिलिप्स काहीही लिहिलेलं असो, आतला चेंजर दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो. इंग्लंडमधली बर्मिंगहॅम साउंड रिप्रोड्यूसर्स, म्हणजे बीएसआर, आणि स्विंडनची गॅरार्ड या कंपन्या इतरांच्या पेट्यांसाठी चेंजर पुरवायच्या. त्यामुळे पेटीवरच्या नावाने सुटे भाग शोधणं म्हणजे सोसायटीच्या नावावरून माणूस शोधणं. मॉडेल नंबर डेकवर, म्हणजे थाळीखालच्या पत्र्यावर, किंवा डेकच्या पोटाखाली मिळतो: बीएसआरवर यूए८, यूए१४ असा, गॅरार्डवर आरसी८८, आरसी१२०, एटी६ असा. डेक उचलून खालून फोटो काढून ठेवा. वायरी कुठल्या रंगाची कुठे जाते तेही त्यातच येतं.

नंबर मिळाला की 'व्हिनाइल इंजिन' या संकेतस्थळावर त्याचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. नोंदणी फुकट आहे. अनेक मॅन्युअलांत यंत्राचे तुकडे सुटे करून दाखवलेलं चित्र असतं आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक वहीत लिहा. शेजारी व्हर्नियरने घेतलेली मापं लिहा. स्प्रिंग असेल तर तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे किती आणि मोकळी लांबी किती. माझी ती वही आता दुकानदारांच्या ओळखीची झाली आहे. 'वो छोटा सा लोहे का होता है ना' असं म्हणत मी जेवढे दिवस फिरलो, तेवढे दिवस मला छोटी लोखंडी वस्तू सोडून सगळं मिळालं.

रबर शोधू नका, करून घ्या

मोटारीचा दांडा आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये जे रबराचं चाक असतं, ते आयडलर. ते कडक होतं, चकाकायला लागतं. गतीचा लीव्हर तसाच ठेवून यंत्र वर्षानुवर्षं नुसतं प्लगवरून बंद केलेलं असेल तर त्यावर दांड्याचा खड्डा पडतो. रेकॉर्डच्या एका फेऱ्यात कितीतरी वेळा 'धप धप धप' ऐकू आलं तर दोष आयडलरचा. फेऱ्याला एकदाच आवाज येत असेल तर थाळी किंवा रेकॉर्ड तपासा.

जुना न वापरलेला आयडलर परदेशातून मागवणं मला पटत नाही. तोही तितकाच जुना, त्याचं रबर पाकिटात बसून तितकंच वाळलेलं. त्याऐवजी मूळ चाकाचा धातूचा भाग जपा आणि त्यावर नवं रबर चढवून घ्या. वागळे इस्टेटमध्ये आणि पलीकडे रबाळे-महापेच्या टीटीसी पट्ट्यात छापखान्याच्या, पॅकिंग मशीनच्या रोलरवर रबर चढवणारे कारखाने आहेत. इतकं छोटं काम घेऊन गेलात तर पहिला माणूस हसेल, दुसरा 'पन्नास नग आणा' म्हणेल. तिसऱ्याला चहा पाजा आणि दुपारी जेवणानंतर जा, सकाळी ऑर्डरची घाई असते. माझं काम ज्यांनी केलं त्या मिस्त्रींच्या वडिलांकडे बिनाकाचा प्रोग्रॅम लागायचा, एवढ्या एका ओळखीवर ते झालं.

त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. रबर नायट्राइल किंवा निओप्रिन, कडकपणा साधारण ४० ते ५० शोअर ए. त्याहून कडक असेल तर मोटारीची घरघर थेट सुईत येते. दुसरं, रबर चढवल्यावर ग्राइंडिंग चाकाच्या स्वतःच्या बुशावर धरूनच करायचं, बाहेरून पकडून नाही. चाकाचा डगमग पाच शतांश मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. तिसरं, कडेची जाडी मूळ चाकाइतकीच.

व्यासाबद्दल मात्र फार घाबरू नका. इथे पुष्कळांची गल्लत होते. आयडलर हा नुसता मधला दुवा आहे. थाळीची गती ठरते मोटारीच्या दांड्याच्या व्यासावरून आणि थाळीच्या कडेच्या व्यासावरून. आयडलर अर्धा मिलिमीटर कमी-जास्त झाला तरी गती बदलत नाही, तो फक्त दोन्हीकडे नीट टेकला पाहिजे आणि गती बदलताना मोकळा सुटला पाहिजे.

मोटार ज्या तीन रबरी गुंडाळ्यांवर लटकते त्या ग्रोमेट लॅमिंग्टन रोडला मिळतात. बेल्ट, ओ-रिंग, सर्क्लिप, बारीक स्प्रिंग आणि छर्रे यांच्यासाठी नागदेवी स्ट्रीट. ठाण्याहून धीमी लोकल पकडून मस्जिदला उतरायचं, वही दाखवायची, तासाभरात काम होतं.

डुअलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. १२१९, १२२९ यांसारख्या चेंजरमध्ये एका लीव्हरच्या टोकावर रबराची इवलीशी टोपी असते. जर्मन लोक तिला 'श्टॉयरपिंपल' म्हणतात. ती चुरा होऊन पडते आणि मग आर्म उचलला जातो पण रेकॉर्डपर्यंत पोचत नाही. यासाठी पार्सल मागवायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून वालट्यूब घ्या, दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापून चढवा.

धातूचे भाग: आधी आपल्याच गावात

स्पिंडल, कॅम, आर्मचं डोकं, वरची चळत धरणारा आडवा हात यांना पर्याय बनवणं अवघड. स्पिंडल बाहेरून साधा दांडा दिसतो, पण त्याच्या पोटात एक हलणारी पट्टी असते, जी खालून धक्का मिळाला की सगळ्यात खालची रेकॉर्ड पायरीवरून ढकलते. लेथवर असा स्पिंडल करून देतो म्हणणारा भेटला तर नम्रपणे निघून या. एकेक रेकॉर्ड लावायचा छोटा स्पिंडल मात्र कुठलाही टर्नर करून देईल. रेकॉर्डचं भोक साधारण सव्वासात मिलिमीटरचं असतं, दांडा त्याहून केसभर बारीक हवा. खरा भाग मिळेपर्यंत मी त्याच्यावरच गाणी ऐकली.

या भागांसाठी माझा सल्ला एकच: सुटा भाग शोधू नका, तसाच दुसरा मेलेला चेंजर शोधा. एका मढ्यातून पाच भाग निघतात, आणि तुटलेल्या यंत्राला भाव नसतो.

नौपाडा, पाचपाखाडी, विष्णुनगर भागात जुन्या इमारती पडतायत. घर रिकामं करताना माळ्यावरून काय निघतं ते तुम्हाला माहीत आहेच. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटात एक निरोप टाका. पण त्यात 'चेंजर' लिहू नका, कुणाला कळत नाही. माझ्या पहिल्या निरोपावर एका गृहस्थांनी गिअर बदलायच्या सायकलचा फोटो पाठवला. असं लिहा: 'वर झाकण असलेला मोठा लाकडी रेडिओ, आत रेकॉर्ड लावायची सोय. चालू, बंद, तुटका, कसाही चालेल. येऊन घेऊन जाऊ.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. लोकांना पैशांपेक्षा ते धूड जिन्यावरून कोण उतरवणार याची चिंता असते. रद्दीवाल्याकडेही नंबर देऊन ठेवा आणि किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त देईन हे आधीच सांगा.

घरमालक वयस्क असतील तर पेटीतले कप्पे त्यांच्यासमोर उघडा. स्पिंडल बहुतेक वेळा पेटीतच असतो: रेकॉर्डच्या कप्प्यात, पाकिटांच्या तळाशी, किंवा कुलदैवताच्या फोटोमागे. मुलांनी खेळू नये म्हणून कुणीतरी तो काढून ठेवलेला असतो. मामांकडे तो तिथेही नव्हता, ही गोष्ट वेगळी.

चोरबाजारात जायचं असेल तर धीम्या लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून मटन स्ट्रीट गाठा. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर भंगार पसरलेलं असतं, आणि मेलेले चेंजर तिथेच मिळतात. दुकानात पॉलिश करून ठेवलेल्या ग्रामोफोनकडे बघू नका, तो शोभेचा माल आहे. पाच मिनिटांत बघायचं ते असं: थाळी हाताने फिरते का, कॅमचे दाते शाबूत आहेत का, स्पिंडल मूळचा आहे का, आणि ओतीव भागांना भेगा आहेत का. जुनं जस्ताचं ओतकाम अशुद्ध असेल तर आतूनच फुगतं आणि बिस्किटासारखं तुटतं. त्याला वेल्डिंग नाही, डिंक नाही. तसा भाग फुकट मिळाला तरी महागच.

मग परदेश, आणि ५० हर्ट्झचा सापळा

इथे नाहीच मिळालं तर ईबे. शोधताना शब्द बदलून बघा. ब्रिटिश विक्रेते 'ऑटोचेंजर' लिहितात, अमेरिकन 'रेकॉर्ड चेंजर'. उंच स्पिंडलला 'स्टॅकिंग स्पिंडल' किंवा 'चेंजर स्पिंडल' म्हणतात. जर्मन पानावर 'प्लाटेनवेक्सलर' टाकलं तर डुअल आणि पीई (पर्पेटुम-एबनर) यांचा मोठा साठा उघडतो. दोन्ही कंपन्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या सांक्ट गेऑर्गेन या एकाच गावातल्या. इंग्लंडमधल्या जाहिरातीत 'स्पेअर्स ऑर रिपेअर' असं दिसलं तर समजा की मढं विकायला आहे.

मी पहिला स्पिंडल असाच मागवला आणि फसलो. दोष विक्रेत्याचा नव्हता. 'गॅरार्ड स्पिंडल' एवढंच बघून पैसे भरले. तो गॅरार्डच्याच दुसऱ्या मॉडेलचा निघाला, खालची खाच जुळेना. तेव्हापासून पैसे भरण्याआधी दोन फोटो मागतो: भागाच्या खालच्या टोकाचा, आणि पट्टीशेजारी आडवा ठेवलेला. जो विक्रेता फोटो पाठवत नाही त्याच्याकडून घेत नाही. टपालखर्च आणि कस्टम ड्युटी मिळून कधी कधी भागापेक्षा जास्त होते, तेव्हा हिशोब आधीच करा.

अमेरिकेतून काही घेत असाल तर थांबून हा परिच्छेद दोनदा वाचा. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. या चेंजरच्या मोटारी विजेच्या लयीवर फिरतात. अमेरिकन मोटार इथे लावली तर थाळी पाच षष्ठांश गतीने फिरते: मिनिटाला ३३ १/३ च्या जागी जेमतेम २८ फेरे. काळी चारमधलं गाणं पांढरी चारमध्ये ऐकू येतं आणि नाट्यसंगीताची भैरवी संपतच नाही. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाही. उपाय मोटारीच्या दांड्यावरच्या पायऱ्यांच्या पुलीत आहे: ५० हर्ट्झसाठी तिची प्रत्येक पायरी १.२ पट व्यासाची हवी. अशी पितळी पुली वागळे इस्टेटमधला चांगला टर्नर करून देतो. स्पिंडल, कॅम, आर्म, आयडलर यांना हर्ट्झशी काही देणंघेणं नाही, ते कुठूनही घ्या.

गती तपासायला स्ट्रोबची चकती, म्हणजे थाळीवर ठेवायची रेघांची कागदी चकती, छापा. इथेही तीच गंमत: ५० हर्ट्झला ३३ १/३ साठी १८० रेघांची चकती लागते, २१६ रेघांची अमेरिकेची. साध्या एलईडी दिव्याखाली रेघा नीट दिसतीलच असं नाही. निऑनचा दिवा जवळ धरा, रेघा थांबल्यासारख्या दिसल्या की गती बरोबर.

सुई आणि कार्ट्रिज

सुई ज्यात बसते आणि जे तिच्या थरथरीची वीज करतं ते कार्ट्रिज. मूळ कार्ट्रिज क्रिस्टलचं असेल तर ते बहुधा गेलेलं असतं. त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक दमट हवेत विरघळतो, आणि खाडीकाठच्या गावात तो किती दिवस टिकणार? पाकीटबंद जुनं क्रिस्टल कार्ट्रिज भारी किमतीला घेऊ नका, त्याचंही तेच झालेलं असण्याची शक्यता मोठी. सिरॅमिक कार्ट्रिज घ्या, ते ओलीला दाद देत नाही. आजच्या टर्नटेबलचं मॅग्नेटिक कार्ट्रिज इथे चालत नाही: त्यातून चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, आणि तुमच्या रेडिओग्रामला व्होल्टाच्या दशांशांची सवय आहे.

तीन बाबी तपासा. आर्मच्या डोक्यातल्या भोकांचं अंतर. सुईवरचं वजन: सिरॅमिकला साधारण पाच ते आठ ग्रॅम लागतात आणि त्याहून हलकं केलं तर जुन्या यंत्रात ती घर्षणाची पट्टीच सरकत नाही. आणि सुई: ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला तीन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीची, एलपीला एक किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८ वर लावलीत तर ती खोबणीच्या तळाशी घासत फक्त खरखर ऐकवते.

विजेचं काम, थोडक्यात

मोटारीच्या स्विचवर उडणारी ठिणगी दाबायला एक कपॅसिटर असतो. तो मूळचा असेल तर डोळे मिटून बदला: ०.०१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी, 'एक्स२' वर्गाचा. साधा डिस्क कपॅसिटर तिथे चालणार नाही. वायर कडक झाली असेल तर बदला, तीन पिनांची वायर लावून डेकला अर्थिंग द्या. काही छोट्या पोर्टेबल यंत्रांत मात्र चासी थेट विजेशी जोडलेली असते; तिथे आधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा, अर्थिंगचं तोच ठरवेल.

माझा स्पिंडल शेवटी ना ईबेवर मिळाला ना चोरबाजारात. कोपरखैरण्यातल्या एका आजींनी व्हॉट्सॲपवरचा निरोप मुलाकडून वाचून घेतला आणि कळवलं की मोठा रेडिओ कधीच भंगारात गेला, पण 'त्यातली एक काठी' शिवणयंत्राच्या खणात आहे, ती चालेल का? वही घेऊन गेलो. खालची खाच जुळली. पैसे घेईनात, वसंतराव देशपांड्यांची एखादी रेकॉर्ड असेल तर लावून फोनवर ऐकव म्हणाल्या. चळतीत चार एलपी लावल्या, वसंतरावांची सगळ्यात खाली, आणि फोन स्पीकरजवळ धरला. दुसरी रेकॉर्ड 'टप्' करून पडली तेव्हा पलीकडून आवाज आला, 'पडली बघ.'